पाण्यात पाय रोवून उभा असलेला हा गोल्डनरॉड नक्की कुठला?

भटकभवानी
नमस्कार मंडळी. सप्टेंबर लागला की इथे ओहायोत रस्त्याकडेला, पडीक शेतांत, रुळांलगत पिवळ्या तुऱ्यांचा गोल्डनरॉड नुसता माजतो. एरवी मी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण परवा अर्बाना गावाजवळच्या सीडर बॉग नावाच्या राखीव दलदलीत गेलो होतो, कोलंबसहून तासाभरावर आहे. तिथे फळ्यांच्या वाटेला लागूनच, काळ्या चिखलात उभं असलेलं एक झाड दिसलं. पिवळा तुरा तर गोल्डनरॉडचाच, पण बाकी अवतार ओळखीचा वाटेना.

उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. तुरा गच्च नाही, सुटासुटा. फांद्या लांब, बाहेर झुकलेल्या आणि फुलं फांदीच्या वरच्या अंगालाच. बुडाशी मोठाली पानं, वर जावं तशी झपकन लहान होत गेलेली. ॲपला तीन फोटो दाखवले तर तीन नावं मिळाली: कॅनडा, जायंट आणि रिंकललीफ. आता तुम्हीच काय ते सांगा. फोटो खाली डकवलेत.

जास्वंद
फोटो मस्त! मला तर सगळे गोल्डनरॉड सारखेच दिसतात. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

रानमोडी
फोटो सुंदर आहेत, पण तिन्ही तुऱ्याचे. तुऱ्यावरून 'हा गोल्डनरॉड' इथपर्यंत पोचता येतं, पुढे फारसं नाही. एकट्या उत्तर अमेरिकेत सॉलिडॅगोच्या (हे गोल्डनरॉडचं शास्त्रीय नाव) सत्तरहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याअधिक लांबून एकाच आईच्या वाटतात. ॲप बिचारं तुराच बघतं, म्हणून गडबडतं.

गोल्डनरॉड ओळखायचा तो कमरेखाली. तर भवानीताई, आठवून सांगा: खोड गोल होतं की कंगोरेदार? त्यावर लव होती का? फुलं आलेली असतानाही बुडाशी पानं हिरवी होती, म्हणजे हे नक्की ना? पान हाताला कसं लागलं, वरून आणि खालून? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी कसलं होतं? साचलेलं, झऱ्याचं, की नुसती ओल?

भटकभवानी
फोनमध्ये खोडाचा एक फोटो सापडला, टाकलाय बघा. खालच्या भागात खोड चक्क चौकोनी आहे, चारही कडा बोटाला लागतात. लव अजिबात नाही. बुडाशी पानं आहेतच, सर्वात मोठं माझ्या वितीपेक्षा लांब होतं, देठाकडे निमुळतं होत गेलेलं.

पान वाटेवरूनच हाताला लागलं. वरची बाजू आपल्या पारिजातकाच्या पानासारखी, किंबहुना त्याहून खरखरीत. नखावर घासलं तर नख पांढरं पडलं. खालची बाजू मात्र गुळगुळीत. पाणी थंडगार आणि स्वच्छ होतं, चिखलावरून अगदी पातळ सरकत होतं. आवाज नाही, पण हलत होतं.

रानमोडी
मग प्रश्न मिटला. हा सॉलिडॅगो पॅट्युला. इथले लोक रफ-लीव्हड किंवा राउंड-लीफ गोल्डनरॉड म्हणतात. कंगोरेदार गुळगुळीत खोड, वरून कानस आणि खालून मऊ असलेलं पान, आणि फुलताना टिकून राहिलेली बुडाची मोठी पानं, हे तिन्ही एकत्र आलं की दुसरं नाव घ्यायची गरज नाही.

ॲपने दिलेली तिन्ही नावं का बाद होतात तेही सांगतो, कारण ही तिघं तुम्हाला घराजवळ रोज भेटणार आहेत. कॅनडा म्हणून ज्याला सगळे ओळखतात तो आपल्या भागात बहुतेक वेळा सॉलिडॅगो आल्टिसिमा असतो. त्याच्या खोडावर बारीक लव असते, पानावर तीन ठळक शिरा समांतर धावतात, आणि फुलं येईपर्यंत बुडाची पानं वाळून गळालेली असतात. जायंट म्हणजे सॉलिडॅगो जायगँटिया. त्यालाही तीन शिरा, पण खोड गुळगुळीत आणि त्यावर बोटाने पुसलं जाणारं पांढरट पीठ. याला ओल आवडते, नदीकाठी, ओढ्याकाठी गर्दी करून असतो, पण पायाखाली सतत पाणी लागतंच असं नाही. रिंकललीफ म्हणजे सॉलिडॅगो रुगोसा. तो केसाळ, पानांवर शिरांचं जाळं खोल रुतलेलं, आणि त्याचीही बुडाची पानं फुलताना नसतात.

या तिघांतला एकही चौकोनी खोडाचा नाही. पॅट्युलाचं ते खोड एकदा बोटांत धरलं की विसरत नाही माणूस.

तळटीप
माहितीपूर्ण प्रतिसाद. एक शंका. नाव सीडर बॉग, पण मागे कुठेतरी वाचलं होतं की ते बॉग नाहीच, फेन आहे. दोन्ही दलदलच ना शेवटी? फुलाला काय फरक पडतो?

रानमोडी
फुलाला फार फरक पडतो. बॉगमध्ये पाणी फक्त वरून येतं, पावसाचं आणि बर्फाचं. ते कुठे वाहून जात नाही, स्फॅग्नम शेवाळ त्यात वाढत आणि साठत राहतं, पाणी आंबट होत जातं. फेनमध्ये पाणी खालून येतं. सीडर बॉग मॅड नदीच्या खोऱ्यात आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी तिथे वाळू आणि गोट्यांचे थरच्या थर टाकलेत, त्यात चुनखडी भरपूर. पावसाचं पाणी त्या थरांतून झिरपत येतं, वाटेत चुना विरघळवून घेतं आणि सखल जागी पाझरतं. म्हणून भवानीताईंना ते थंड लागलं. भर उन्हाळ्यातही ते तापत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत सहसा गोठत नाही.

या थंडाव्यामुळेच उत्तरेकडचा पांढरा सीडर तिथे मध्य ओहायोत टिकून आहे. बाकी त्याचं राज्य वर मिशिगन-कॅनडाकडे. १९४२ साली राज्याच्या पैशातून ही जागा राखण्यासाठी विकत घेतली, ओहायोतली तशी ती पहिलीच.

आता गंमत बघा. जिथे चुन्याचं पाणी उघड्यावर येतं तिथे करड्या-पांढऱ्या गाळाचा थर बसतो, त्याला मार्ल म्हणतात. त्यात झाडांना पोसणारं फारसं काही नसतं, त्यामुळे मोठी झाडंझुडपं तिथे धड मूळ धरत नाहीत आणि बुटक्या लव्हाळ्यांचं मोकळं माळरान राहतं. भरपूर ऊन, पायाशी पाणी, खायला कमी. असल्या जागी वेगळेच दोन गोल्डनरॉड येतात. सॉलिडॅगो ओहायोएन्सिस आणि सॉलिडॅगो रिडेली. दुसऱ्याचं नाव १८३० च्या दशकात ओहायोत वनस्पती धुंडाळणाऱ्या जॉन रिडेल यांच्यावरून पडलं. दोघांचाही तुरा झुकलेला नसतो, वरून कापून काढल्यासारखा सपाट असतो. त्यांच्यात फरक करायचा तर पान बघा. रिडेलीचं पान मधल्या शिरेवर दुमडलेलं आणि विळ्यासारखं मागे वळलेलं, ओहायोएन्सिसचं सपाट आणि ताठ.

पॅट्युला मात्र त्या उघड्या मार्लपेक्षा कडेला जास्त दिसतो, जिथे पाझर सुरू होतो आणि थोडी सावली असते. म्हणजे एकाच फेनमध्ये वीस-पंचवीस पावलांच्या अंतरावर तीन वेगळे गोल्डनरॉड, प्रत्येकाचं पाणी वेगळं. म्हणून म्हटलं, आधी पाय बघा, मग तोंड.

भटकभवानी
अहो काय सांगताय! फोटो ७ बघा ना मग. उघड्या जागेतला सपाट तुरा. शेजारी पांढरी पाच पाकळ्यांची फुलं होती, पाकळ्यांवर हिरव्या रेघा.

रानमोडी
तो ओहायोएन्सिस. बुडाची लांब सपाट पानं स्पष्ट दिसताहेत. शेजारचं पांढरं फूल म्हणजे ग्रास ऑफ पर्नासस, नाव गवताचं असलं तरी गवत नाही. हे दोघं एकत्र दिसले की खाली चुन्याचं पाणी आहे असं खुशाल समजावं.

एक सूचना. त्या वाटेवरून खाली उतरू नका. एक तर मार्लमध्ये पडलेलं पाऊल वर्षानुवर्षं भरून निघत नाही. दुसरं म्हणजे तिथे पॉइझन सुमॅक आहे, हे झुडूप बिब्ब्याच्या कुळातलं. लहानपणी ज्यांना बिब्बा उतला असेल त्यांना जास्त सांगायला नको.

शिंकेश्वर
तुम्ही लोक त्या फुलांना हात लावता याचंच मला नवल वाटतं. सप्टेंबरमध्ये माझं नाक आणि डोळे दोन्ही गळत असतात. आमच्या ऑफिसात कुणी तरी फुलदाणीत गोल्डनरॉड आणून ठेवला तर मी सरळ घरून काम करतो.

रानमोडी
शिंकेश्वरदादा, गोल्डनरॉडला कृपया दोष देऊ नका. त्याचे पराग जड आणि चिकट असतात, मधमाशी, भुंगे, गांधीलमाश्या यांच्या अंगाला चिकटूनच ते प्रवास करतात. हवेत उडून तुमच्या नाकात जाणं त्यांना जमत नाही. एवढा भडक पिवळा रंग आणि मध ठेवलाय तो कीटकांना बोलवायलाच. ज्याला वाऱ्यावर भागवायचंय तो असला खर्च करत नाही.

खरा गुन्हेगार रॅगवीड. तोही याच महिन्यात फुलतो, बहुधा त्याच पडीक जागेत, गोल्डनरॉडच्या शेजारीच. त्याची फुलं हिरवी, बारीक, लक्षातही येत नाहीत, पण एक झाड अब्जावधी परागकण वाऱ्यावर सोडतं. आणि तुम्ही पुण्याचे असाल तर या घराण्याशी तुमची जुनी ओळख आहे. आपलं गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, ते रॅगवीडचंच जवळचं भावंड. १९५० च्या दशकात पुण्यातच त्याची पहिली ठळक नोंद झाली. गाजरगवताने ज्यांना शिंका येतात त्यांना रॅगवीडचाही त्रास होणं साहजिक आहे. ॲलर्जीची चाचणी करून घ्या, नेमकं कळेल.

शिंकेश्वर
पुण्याचाच आहे, कोथरूड. लहानपणी गाजरगवताने अंगावर पुरळ यायचं. ओक्के. चाचणी करून येतो, मग भांडायला येईन :)

सासवडकर
धागा वाचून गंमत वाटली. आमच्या पट्ट्यात गोल्डन रॉड शेतात लावतात. बुकेत भर घालायला लागतो, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गड्डीवर विकला जातो. लग्नसराईत बरा भाव मिळतो, एरवी रडकथा. आमचा अनुभव असा की पाणी जरा जास्त झालं, वाफ्यात साचलं, की मुळं कुजून झाड बसतं. म्हणून गादीवाफा आणि ठिबक. आणि तुमच्याकडे तो चिखलात उभा राहतो म्हणे! हे कसं काय?

रानमोडी
वा, शेतकऱ्याचा प्रतिसाद आला म्हणजे धागा सार्थकी लागला. तुम्ही लावता तो कॅनडा गोल्डनरॉडच्या गोतावळ्यातला, निवडून आणि संकर करून फुलबाजारासाठी तयार केलेला. मूळचा माळरानातला आणि पडीक शेतांतला. त्याला ओल चालते, तुंबलेलं पाणी नाही. त्यात तुमच्या वाफ्यातलं साचलेलं पाणी गरम, त्यातली हवा लगेच संपते. फेनमधलं पाणी थंड असतं आणि सरकत असतं. तरी मुख्य फरक जातीचाच. तुमचा गोल्डन रॉड उचलून सीडर बॉगमध्ये लावला तर तो तिथेही टिकायचा नाही.

तुम्ही लागवड मुळाशी येणाऱ्या फुटव्यांपासून करता ना? तीच सवय त्याला रानात दांडगा बनवते. जमिनीखालून पसरत जातो आणि बघता बघता सगळी जागा खातो.

सासवडकर
हो, फुटव्यांपासूनच. दोन वर्षांनी वाफा मोडून नव्याने लावावा लागतो, नाहीतर गचपण होतं आणि दांडा बारीक पडतो.

ऱ्हाईनकाठ
गचपणाबद्दल आमच्या जर्मनीकडून +१. इथे कॅनडा आणि जायंट हे दोघेही कोणे एके काळी बागेत शोभेला म्हणून आणले आणि कुंपणाबाहेर पळाले. जायंट तर नदीकाठच्या ओल्या कुरणांत असा घुसलाय की स्थानिक रानफुलांना जागा उरत नाही. दर उन्हाळ्यात स्वयंसेवक उपटत बसतात. युरोपचा स्वतःचा गोल्डनरॉड आहे, सॉलिडॅगो व्हर्गॉरिया. तो बुटका, गरीब, कोरड्या मोकळ्या रानातला. मधमाश्या पाळणारे मात्र परक्या गोल्डनरॉडवर खूश असतात, हंगामाच्या शेवटी तेवढाच मध.

तेव्हा ओहायोत ज्याचं कौतुक तेच इथे तण. भारतात शेतात लावणाऱ्यांनीही बांधाबाहेर जाऊ देऊ नये, असं माझं मत.

सासवडकर
आमच्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय बांधाबाहेर काय तगणार तो! पण लक्षात ठेवतो.

खारफुटी
आमच्या न्यू जर्सीचा गोल्डनरॉड कुणी विचारतच नाहीये. सँडी हूकला समुद्राच्या अगदी काठाला, वाळूच्या टेकड्यांवर आणि खाऱ्या दलदलीच्या कडेने एक जाडजूड पानांचा गोल्डनरॉड असतो. पान मोडलं तर घोळीच्या भाजीसारखं रसदार. हा वेगळाच ना?

रानमोडी
वेगळाच. सॉलिडॅगो सेम्परव्हिरेन्स, सीसाइड गोल्डनरॉड. आपल्या आयडीला शोभेल असं झाड निवडलंत. मीठ सोसायला पानं जाड आणि गुळगुळीत. हा इतर सगळे फुलून गेल्यावरही फुलत राहतो, ऑक्टोबर उलटला तरी. म्हणूनच किनाऱ्याकिनाऱ्याने मेक्सिकोकडे निघालेल्या मोनार्क फुलपाखरांची वाटखर्ची हाच भागवतो. तुमच्याच राज्याच्या दक्षिण टोकाला केप मे आहे, तिथे सप्टेंबरअखेर जा. हवा जुळून आली तर याच्या एकेका तुऱ्यावर मोनार्कची गर्दी दिसते.

हल्ली तो समुद्रापासून लांब, हायवेच्या कडेलाही सापडतो. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ ओततात, त्यामुळे याच्या दृष्टीने तोही समुद्रकिनाराच.

तळटीप
अवांतर: दलदलीतल्या गोल्डनरॉडवरून आठवलं. १९२७ साली थॉमस एडिसन, हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांनी मिळून अमेरिकेतच पिकेल असं रबर शोधायला संस्था काढली होती. परदेशी रबर बंद झालं तर गाड्यांचं काय, ही चिंता. एडिसनने हजारो वनस्पती तपासून शेवटी बोट ठेवलं गोल्डनरॉडवर, फ्लोरिडातल्या ओलसर जागी वाढणाऱ्या सॉलिडॅगो लेव्हनवर्थीवर. त्याच्या पानांत रबर असतं. निवड करत करत माणसाहून दुप्पट उंच झाडं वाढवली होती म्हणे. १९३१ साली एडिसन गेला, आणि पुढे कृत्रिम रबर आल्यावर हा नाद मागे पडला.

रानमोडी
अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. आणि पाणथळीतल्यांची यादी अजून संपलेली नाही. अस्सल बॉगमध्ये, म्हणजे स्फॅग्नमच्या आंबट पाण्यात, सॉलिडॅगो युलिजिनोसा येतो. तो फेनमध्येही चालवून घेतो. खोड गुळगुळीत, बऱ्याचदा तांबूस, तुरा अरुंद आणि उभा. त्याची खूण खालच्या पानांच्या देठाशी. देठ रुंद होऊन खोडाला म्यानासारखा वेढून बसतो. पॅट्युलाशी गल्लत झालीच तर पान चोळून बघावं, युलिजिनोसाचं खरखरीत नसतं. आणि मिशिगनकडे सरोवरांच्या काठी, वाळूच्या टेकड्यांमधल्या ओल्या खळग्यांत हॉटन्स गोल्डनरॉड आहे, १९८८ साली संकटग्रस्तांच्या यादीत गेलेला. मिशिगनकर असतील त्यांनी फक्त फोटो काढावेत.

भटकभवानी
अजून एक विचारून घेते. तिथल्याच पार्किंगजवळ, कोरड्या जागेत, काही गोल्डनरॉडच्या खोडावर लिंबाएवढी गोल गाठ होती. रोग आहे का?

रानमोडी
नाही, ती एका माशीची घरं. युरोस्टा नावाची छोटी माशी वसंतात कोवळ्या शेंड्यात अंडं घालते, अळी आत खाऊ लागली की झाड तिच्याभोवती गाठ वाढवतं. अळी हिवाळाभर त्यातच राहते. अंगात ग्लिसरॉल साठवून ठेवते, त्यामुळे बाहेर शून्याखाली बरंच गेलं तरी तिच्या पेशी फुटत नाहीत. जानेवारीत जाऊन बघा, काही गाठींना भोक पाडलेलं असेल. ते काम डाउनी सुतारपक्ष्याचं किंवा चिकडी नावाच्या छोट्या पक्ष्याचं. गोठलेल्या तळ्यावर मासे धरणारेही गाठ फोडून ती अळी गळाला लावतात.

आणि या गाठी ओळखीलाही उपयोगी. ही माशी मुख्यतः आल्टिसिमा आणि जायगँटिया या दोघांवरच जाते. म्हणजे पार्किंगजवळचा तुमचा पॅट्युला नव्हे, हे खोड न तपासताही कळलं.

जास्वंद
वाचता वाचता हुरूप आला. आमच्या बॅकयार्डात एका कोपऱ्यात छपराचं पाणी येऊन साचतं, गवत सडतं. तिथे यातलं काही लावता येईल का? डेटन भागात आहे, ऊन अर्धा दिवस.

रानमोडी
येईल की. रिडेली किंवा ओहायोएन्सिस लावा, दोन्ही जागच्या जागी राहतात, फुटव्यांनी आक्रमण करत नाहीत. अर्ध्या दिवसाचं ऊन चालेल, कोपरा त्याहून सावलीचा असेल तर पॅट्युला शोधा, पण तो नर्सरीत क्वचित मिळतो. राखीव क्षेत्रातून रोप किंवा बी आणायचं नाही, हे वेगळं सांगत नाही. देशी झाडांच्या नर्सरीत विचारा, आणि पाटीवर नुसतं 'गोल्डनरॉड' असेल तर घेऊ नका, शास्त्रीय नाव बघूनच घ्या. नाहीतर कौतुकाने आल्टिसिमा घरी आणाल आणि पुढची दहा वर्षं खणत बसाल.

बियांपासून करायचं असेल तर हिवाळ्याच्या तोंडावर पेरा. नोव्हेंबरमध्ये माती उकरून बी वरच्या वर भुरभुरवा, हाताने दाबा, वर माती लोटू नका, त्याला उजेड लागतो. ओल्या थंडीचे दोन महिने मिळाले की वसंतात रुजतं. पहिल्या वर्षी नुसता पानांचा झुबका दिसेल, तण समजून उपटू नका. पहिला उन्हाळा तेवढा कोपरा वाळू देऊ नका, एसीच्या पाण्याची नळी तिकडे वळवली तरी पुरे.

जास्वंद
झुबक्याशेजारी काठी रोवून ठेवते, नाहीतर आमचे हे गवत कापायच्या मशीनने त्याचा निकाल लावतील. धन्यवाद!